चारनंतर सावली येते

मोठ्या चौकाच्या पडद्यावर एक मुलगी उजव्या पायाने डावी पोटरी खाजवत उभी होती, आणि ते बघता बघता पडद्यासमोर बसलेल्या तिच्या आईच्या हातातला चहा टेबलावर सांडला. चेहरा दिसत नव्हता. कॅमेरा एवढ्या उंचावर, की तिथून कुणाचाच चेहरा दिसत नाही. डोकी दिसतात, खांदे दिसतात, भर दुपारी पायाशी गोळा झालेली सावली दिसते. पण एका पायावर उभं राहून दुसऱ्याने पोटरी खाजवायची ही खोड आईला पाठ होती. पोरगी चालायला लागली तेव्हापासूनची. शाळेच्या रांगेत, दवाखान्याच्या दारात, आरशासमोर वेणी घालताना. डास नाही, पुरळ नाही, काही नाही. मन थाऱ्यावर नसलं की हिची पोटरी खाजायची. माणूस ओळखायच्या आधी तिने खोड ओळखली, मग पाठीवरची पिशवी, मग केस, आणि मग सगळीच्या सगळी ढबू. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढबू. आता अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. खरं तर ढबू या वेळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सुट्टीतल्या चित्रकलेच्या वर्गात, दोन जिवलग मैत्रिणींच्या मधे बसलेली असायला हवी होती. सकाळी तसं सांगून निघाली होती.

"ताई, चहाचा पूर आला की," शेजारच्या खुर्चीवरून भोंगा म्हणाला आणि त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला. त्याला भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी तिसऱ्या खोलीत ऐकू जायचं. ती हसली, टेबल पुसलं, आणि पडद्यावरची नजर काही हलवली नाही. हे तिचं कामच होतं म्हणा. वाहतूक नियंत्रण कक्ष म्हणजे भिंतभर पडदे आणि त्यांच्यासमोर खुर्च्या. कुठे गाड्या तुंबल्या तर तिथला हिरवा दिवा थोडा वाढवायचा, कुठे रस्ता ओस पडला तर कमी करायचा. खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांना थंडावा लागतो म्हणून माणसांनी कुडकुडायचं, असा तिथला न्याय. बाहेर डांबर वितळत असताना ती आत स्वेटर घालून बसायची. शहराचा मधला भाग ती वर्षानुवर्षं बघत आली होती आणि तिथे पायी गेल्याला तिला जमाना लोटला होता. तिचं शहर मुकं होतं. त्याला वास नव्हता, ऊन नव्हतं, हॉर्न नव्हते. त्यात गाड्यांना गाड्या म्हणायचं आणि माणसांना म्हणायचं 'पायी'. पायी वाढलेत, पायी अडकलेत, पायी सोडा. एखाद्या पायीकडे निरखून बघायचं नाही, कॅमेऱ्याचा डोळा अपघाताशिवाय जवळ ओढायचा नाही, हा नियम. साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, ही सज्ज्यातली खिडकी नव्हे, इथे शेजारपाजार बघत बसायचं नाही. तिने तो नियम कधी मोडला नव्हता. मोडावासं वाटलंही नव्हतं, कारण इतकी वर्षं त्या चौकात तिचं असं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

मुलगी कारंज्याजवळच्या दगडी बाकावर बसली. पिशवीतून डबा काढला आणि खाल्ला, सावकाश, मधे मधे थांबून, पोट भरण्यापेक्षा वेळ भरण्यासाठी खावं तसं. मैत्रिणी येतील, तिने मनाशी म्हटलं. पोरींनी वर्गाला दांडी मारली असेल, ही आधी पोचली असेल, त्या येतील, खिदळतील, आइस्क्रीम खातील, आपण संध्याकाळी चेष्टेत कान उपटू. कुणी आलं नाही. मुलीने फोन कानाला लावला, मान डोलावली, हातवारे केले, एकदा तर मागे रेलून हसलीसुद्धा, आणि ते हसू एवढ्या उंचावरूनही खांद्यांच्या हलण्यात दिसलं. हायसं वाटलं तिला. आणि मग कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, टेबलाखाली स्वतःचा मोबाईल धरून तिने मुलीचा नंबर लावला. फोन लागला. लागायला नको होता. बोलणाऱ्याचा फोन व्यस्त असतो. पडद्यावरच्या मुलीने दचकून फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि घंटी वाजून संपेपर्यंत तो नुसता हातात धरून ठेवला. म्हणजे ती कुणाशीच बोलत नव्हती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी एकटी म्हणू नये म्हणून ती मुक्या फोनशी हसत होती. हे कळलं त्याच क्षणी आईने सवयीने नदीपलीकडच्या नाक्याचा हिरवा वाढवला, कारण तिथे गाड्या तुंबल्या होत्या.

संध्याकाळी ढबू नेहमीच्या वेळेला घरी आली, चप्पल भिरकावली, पाणी प्यायली. "कसा झाला वर्ग?" सासूबाईंनी विचारलं. "छान," ढबू म्हणाली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. आता वळावं, म्हणावं, मी तुला बघितलं. साधं वाक्य, पण ते ओठावर आलं की त्याच्या मागोमाग तिच्या माहेरच्या आईचा आवाज यायचा. कुठे गेली होतीस? कोण होतं बरोबर? एवढा उशीर का? हसतेस कशाला? माहेरच्या आईने तिच्या ओढण्या हुंगल्या होत्या, वह्यांची पानं उलटली होती, मैत्रिणींच्या घरी जाऊन खुंट्या बळकट आहेत का बघावं तशी त्यांची उलटतपासणी घेतली होती. त्या घरात खोटं बोलणं हा श्वास घेण्याचा प्रकार होता. ती जिन्यात उभी राहून उत्तरं घोकायची, मग दार वाजवायची. ढबू झाली तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवरच तिने ठरवलं होतं, हिला मी विचारणार नाही. हिने सांगितलं तर ऐकेन, नाही सांगितलं तर वाट बघेन. आणि ती वागलीही तशी. बायका म्हणायच्या, कसं गं तुला जमतं, आमचा तर जीव राहत नाही. त्या कौतुकाने ती सुखावायची. माणसाला स्वतःतलं एखादं मोठेपण आवडतं, तसं तिला हे न विचारणं आवडायचं. त्या दोघी मैत्रिणींचे आवाज घरातून कधी गेले, हे मात्र आता आठवून आठवत नव्हतं. परीक्षेच्या आधी? की त्याच्याही आधी? पूर्वी त्या जिन्यातच इतक्या हसायच्या की सासूबाई म्हणायच्या, आल्या बघ भवान्या. तो आवाज गेला आणि घर शांत झालं, आणि शांततेला कोण कशाला विचारतं, का आलीस म्हणून.

मग रोज तेच. दुपारी मुलगी यायची, बाकावर बसायची. उन्हाळ्यातलं ते ऊन पडद्यावर नुसतं पांढरं दिसायचं, पण त्या पांढऱ्यात आपलं लेकरू बसलेलं आहे हे कळल्यापासून ते तिला थंड खोलीत पोळायला लागलं. चौकातल्या उंच इमारतीची सावली चारनंतर बाकाच्या एका टोकाला शिवायची आणि हळूहळू पुढे सरकायची. मुलगी आधीच त्या टोकाला जाऊन वाट बघायची, आणि सावली आली की तिच्यात पाय घ्यायची, मग गुडघे, मग सगळं अंग. ते बघताना आई जागच्या जागी खुर्चीत सरकायची. तिने काहीच न बोलता मुलीच्या पिशवीत पाण्याची दुसरी बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी मोठ्या कडेची टोपी ठेवली. मुलगी ती टोपी घालून बसली, आणि वरून बघताना मुलगी दिसेनाशी होऊन एक कापडी गोल तेवढा दिसायला लागला; तरी तिला वाटलं, आपलं आतल्या आत काहीतरी बोलणं चाललंय, न बोलता. ती रात्री नवऱ्याला सांगणार होती. पण नवरा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा, उन्हाळा म्हणजे त्याचा हंगाम. लोकांची घरं गार करून तो स्वतःच्या घरी यायचा तेव्हा खडखडणाऱ्या पंख्याखाली त्याचा नुसता ओंडका व्हायचा. ओंडक्याला काय सांगणार? आणि तो सरळ माणूस, सकाळी उठून थेट पोरीलाच विचारता. मग पोरगी तिथे यायची बंद होईल, दुसरीकडे कुठे जाईल, आणि दुसरीकडे कॅमेरा असेलच असं नाही. तर निदान दिसते आहे, असं ती स्वतःला समजावायची. डोळ्यासमोर आहे. जगात कितीजणींची मुलं एवढी डोळ्यासमोर असतात?

सहलीची कल्पना तिचीच. नवऱ्याला कधी नव्हे तो एक रविवार मोकळा मिळत होता, आणि तो झोपून काढायचा त्याचा बेत होता. "सगळे मिळून सिटीत जाऊ," ती जेवताना म्हणाली, आवाज होईल तितका सहज ठेवून. मनात तिने सगळं रचलं होतं. त्या बाकावर सगळे बसतील, ढबू शेजारी असेल, हवा मोकळी असेल, बाबा काहीतरी पांचट विनोद करेल, आणि पोरगी आपण होऊनच म्हणेल, मी इथे येते कधी कधी. मग विचारायला नको, काही नको. दार आपोआप उघडेल.

"गावात?" सासूबाई म्हणाल्या. इतकी वर्षं शहरात राहूनही त्या चौकाकडे जाण्याला गावात जाणंच म्हणायच्या. "ह्या उन्हात? माझी हाडं काय वाळवणाला घालायचीत का?"

"संग्रहालय आहे, आई. आत गार असतं," नवरा म्हणाला. झोप जाणार हे त्याने ओळखलं होतं आणि आता पडलो तर पडलो म्हणून तो उत्साहात आला होता. "त्यांचा एसी मीच बघितलाय मागे. दणदणीत आहे."

"म्हणजे तू तुझा एसी बघणार, मी खुर्ची शोधणार. आणि मोरीची सोय? पहिली ती सांगा. म्हातारपणी देव आठवायच्या आधी मोरी आठवते."

ढबू हसली. खरंखुरं हसली, आणि तेवढ्याने आईचा जीव सुपाएवढा झाला. "आजी, टॉवरवर जाऊ आपण," ढबू म्हणाली, "नाहीतर नदीकाठी. बोटीत बसू. चौकात काय आहे? नुसती गर्दी. चौक नको."

"अगं, चौक नको कसा? गावात जायचं आणि चौक नको? म्हणजे लग्नाला जायचं आणि मांडव नको." सासूबाई आता रंगात आल्या. "पण बसायला सावली आहे का तिथे? का उभ्याने कारंजं बघायचं?"

"आहे ना," ती म्हणाली. वाटीत आमटी वाढता वाढता म्हणाली, इतकी सहज, की ते आपण बोललो हे तिला नंतर कळलं. "कारंज्याजवळच्या बाकावर चारनंतर सावली येते. आधी त्या टोकाला येते, मग सगळ्या बाकावर. तोवर टोकालाच बसायचं, आणि तिच्याबरोबर सरकत राहायचं."

ढबूचा घास हातात राहिला. "तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? कामच आहे माझं."

"तुझी आई म्हणजे काय समजलीस तू," नवरा म्हणाला, "सगळं शहर बघते बसल्या जागी."

"सगळं?" ढबूने विचारलं. तिच्याकडे बघून, सरळ.

"सगळं म्हणजे गाड्या. आम्हाला माणसं कुठे दिसतात? ठिपके." तिने आमटीची वाटी पुढे सारली. हे खोटं तिने जिन्यात घोकलेलं नव्हतं. तरी ते माहेरच्या सगळ्या खोट्यांसारखं बिनबोभाट बाहेर आलं, आणि इतक्या वर्षांनी जिभेची ती जुनी चपळाई पाहून तिला स्वतःचीच भीती वाटली. ढबू "हं" म्हणाली आणि जेवायला लागली. पानातलं सगळं तिने संपवलं, ताट उचललं, घासून ठेवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. येईल, बस चुकली असेल. कबुतरं आली, एक जोडपं आलं, कुणी म्हातारा पेपर पसरून आडवा झाला. मुलगी आली नाही. सावली वेळेवर आली आणि त्या रिकाम्या बाकावरून सरकत सरकत पलीकडे गेली. आईने आधी शेजारचे पडदे बघितले, मग साहेब जागेवर नाहीत हे बघितलं, मग कॅमेऱ्याचा डोळा फिरवला. बँकेच्या पायऱ्या, सिनेमाघराची रांग, बसथांबा. एकेक मुलगी जवळ ओढून बघितली. जवळ ओढली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि प्रत्येक मुलगी ढबू वाटायची, मग प्रत्येक मुलगी परकी वाटायची. इमारतीच्या मागच्या गल्ल्यांना कॅमेरेच नव्हते. कक्षात त्यांना आंधळ्या जागा म्हणत. आजवर आंधळी जागा म्हणजे तिच्या लेखी जिथे गाड्या जात नाहीत अशी बिनमहत्त्वाची जागा. आज तिला एकदम कळलं की शहराचा बहुतेक भाग आंधळाच आहे, आणि भिंतभर पडदे लावून आपण फक्त भेगांतून बघत असतो. त्यातल्या एका भेगेत आपली पोर येऊन बसली होती, आणि आपण तिला एका वाक्यात तिथून हुसकावलं.

"ताई," भोंगा शक्य तितक्या हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाड्या रस्त्यावर असतात. पायऱ्यांवर नाही." तिने बघितलं तर नदीपलीकडच्या नाक्यावर गाड्यांचा खच पडला होता, आणि तो नाका तिचा होता. भोंग्याने हात लांब करून तिच्याऐवजी हिरवा वाढवला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याची थट्टा थिजली. "कोण हरवलंय?" त्याने विचारलं. बघा, परका माणूस, पण त्याने किती पटकन विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली. हरवलं असं तरी कसं म्हणायचं? संध्याकाळी नेहमीच्या वेळेला ढबू घरी आली. सासूबाईंनी विचारलं, "आज काय काढलंस गं?" ढबूने फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, तोंड लावून प्यायली, आणि आजीकडे न बघता, आईकडेही न बघता म्हणाली, "सावल्या. सावल्या शिकवतायत सध्या."

रविवार येईपर्यंत आई झोपली अशी नाहीच. दुपारभर रिकामा बाक बघायचा आणि संध्याकाळी दाराकडे कान लावायचे. घरात मात्र बेताला ऊत आला होता. नवऱ्याने संग्रहालयाचं वेळापत्रक विचारून ठेवलं, सासूबाईंनी सपाता बदलून दोनदा घरातल्या घरात चालून बघितलं. चौक आधी की संग्रहालय आधी, यावर वाद झाले. ढबूने आता चौकाला नाही म्हटलं नाही. "कुठेही चालेल," म्हणाली. नाही म्हणत होती तेव्हा बरं होतं, असं तिला वाटलं. वाटेल तिथे चालेल म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? सहल रद्द करावी, ताप आल्याचं सांगावं, असंही मनात येऊन गेलं. पण मग सोमवार आला असता, आणि पुन्हा तो बाक.

बसमधून उतरल्याबरोबर चौक तिच्या अंगावर धावून आला. इतका आवाज! हॉर्न, शिट्ट्या, कारंज्याचं पाणी, पोरांचा कालवा, कुठेतरी डांबर फोडायचं यंत्र. आणि ऊन असं, की तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा घाम जागच्या जागी उडत होता. तिला वाटलं होतं तेवढं काहीच नव्हतं. जे लहान दिसायचं ते मोठं होतं, जे जवळजवळ दिसायचं ते लांब लांब होतं. इमारतींना उंची होती, हे ती विसरूनच गेली होती. "आता बाई मोरी बघा आधी," सासूबाई म्हणाल्या. "बसने सगळं हलवून ठेवलंय."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. इथे तरी आपण कामाला येऊ, या भरात तिने सासूबाईंचा दंड धरला आणि निघाली. बँकेला वळसा घालायचा, डावीकडे, की समोरच पाटी. रोज तिथे रांग लागलेली ती बघत होती. डावीकडे वळली तर सिनेमाघर आलं. पुन्हा डावीकडे वळली तर पत्र्याची भिंत. "अगं, कुठे नेतेस?" सासूबाई पाय आखडत म्हणाल्या, "माझा जीव चाललाय आणि तू मला पिक्चर दाखवतेस." नवरा हसायला लागला. ती उन्हात गोल गोल फिरली. कारंजं कुठे होतं, बँक कुठे होती? आणि मग डोक्यात लख्ख झालं: कॅमेरा चौकाच्या पलीकडच्या अंगाला होता. तिचं डावं ते इथे उजवं होतं. इतकी वर्षं ती या चौकाकडे समोरून बघत आली होती, आणि त्यात उभं राहायची वेळ आली तेव्हा तिला रस्ता उलटा येत होता.

"आई, इकडे," ढबू म्हणाली. तिने आजीचा दुसरा दंड धरला आणि गर्दी कापत उजवीकडे नेलं. "पाटी आहे तिथे नको, तिथे रांग असते, कडी पण लागत नाही. बँकेच्या मागच्या दारावरचे काका सोडतात आत. नुसतं विचारायचं." काकांनी ढबूला बघून मान हलवली आणि आजीसाठी दार उघडून धरलं. प्यायचं पाणी कुठे फुकट मिळतं ते ढबूला माहीत होतं. कुठल्या पायरीवर रखवालदार उठवत नाही ते माहीत होतं. नवरा म्हणाला, "अरे वा, आमची ढबू तर इथली नगरसेवक निघाली," आणि सासूबाई सुटकेच्या आनंदात तिला आशीर्वाद देत बाहेर आल्या. त्या दोघांना मौज वाटली. तिला मात्र एकेक गोष्ट टोचत गेली, कारण एकटीने किती दुपारी काढल्या की माणसाला हे सगळं कळतं, ते तिला ठाऊक होतं.

बाकावर सावली येऊन गेली होती तेव्हा ते तिथे पोचले. सासूबाईंना आइस्क्रीम हवं होतं आणि ते स्वतः निवडायचं होतं. "तुझा बाबा मेला पांढरंच आणेल," असं म्हणत त्या मुलाच्या हाताला धरून गेल्या. दोघी उरल्या. दगड अजून गरम होता. ढबू पाय पोटाशी घेऊन बसली, आणि काही वेळाने तिने मान वर करून दिव्याच्या खांबाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक काळी वाटी उलटी टांगलेली होती. आईने ती कधी बघितली नव्हती. कशी बघणार?

"ती तू ना?" ढबू म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं. लहानपणी बाबांनी दाखवला होता मला, हा आईचा डोळा म्हणून." ढबू अजून वरच बघत होती. "म्हणून तर इथे बसायचे. टॉवरच्या तिकडे झाडं आहेत, गार असतं. पण तिथे तू नाहीस."

चौकाचा आवाज चालूच होता, आणि आईला ढबूच्या बोलण्याखेरीज दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"मला वाटायचं, आज बघेल. आज घरी गेले की विचारेल. मग वाटलं, तुला दिसतच नसेन. एवढ्या गर्दीत कोण दिसतं? त्याचं काही वाटलं नाही मला." ढबूचा हात पोटरीकडे गेला. "मग तू जेवताना सावलीचं बोललीस. टोकाला बसायचं, सरकत राहायचं. म्हणजे दिसत होते मी. रोज दिसत होते, आणि तू काही विचारलं नाहीस."

आईजवळ सांगायला पुष्कळ होतं. जिना होता, हुंगलेल्या ओढण्या होत्या, दवाखान्यातल्या खाटेवरचं ते ठरवणं होतं, पिशवीतली टोपी होती. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या पोरीच्या समोर ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. माहेरच्या आईच्या उलट चालत चालत ती नेमकी तिच्याच दाराशी येऊन पोचली होती; तिथेही एक मुलगी एकटी होती, इथेही होती. तिला रडू आलं ते तिने आवरलं नाही. आइस्क्रीमच्या गाडीपाशी सासूबाई बोट दाखवून दाखवून काहीतरी बदलून घेत होत्या.

"आज विचारलं तर सांगशील?" तिने विचारलं.

"आज नाही सांगणार," ढबू म्हणाली. मग तिने पाय खाली सोडले आणि थोडी सरकली, आईच्या बाजूला. "पण तू विचार."

"काय झालंय गं, बाळा?" तिने विचारलं. ढबू काही बोलली नाही. आई थांबली, आणि तिने पुन्हा विचारलं.